पाहणारा देव, थांबणारा माणूस

अडल्या वेळी एखादा अनोळखी माणूस मदतीला आला, की "अगदी देवासारखे धावून आलात" हे शब्द आपल्या तोंडून आपोआप निघतात. वारकरी शेजाऱ्याच्या तोंडी अशा वेळी पांडुरंग येतो, आपल्या घरांत देवदूताचे नाव निघते. म्हणणारा ते मनापासूनच म्हणतो. परंतु हे वाक्य उच्चारताना आपण परमेश्वराविषयी फार मोठे विधान करीत असतो, याचे भान सहसा कोणाला नसते. आम्हांलाही नव्हते. ईश्वरी तरतुदीचा पाठ आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत त्यावरचे उत्तरही बरे लिहिले होते. पण त्या उत्तराची खरी तपासणी पुष्कळ वर्षांनी आमच्या धर्मग्रामातील एका मातेने केली.

गोष्ट २००३ सालच्या मे महिन्यातली. आम्ही तेव्हा जळगाव जिल्ह्यात नेमणुकीवर होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक वृद्ध धर्मग्रामस्थ धुळ्याला लेकीकडे अंथरुणाला खिळले होते. तेथील फादर रिट्रीटसाठी बाहेरगावी गेलेले. सकाळी निरोप आला, की बाबांचे काही खरे दिसत नाही आणि ते सारखे फादरांना बोलवा म्हणताहेत. मिस्सा आटोपून आम्ही परमप्रसादाची डबी छातीशी बांधली, पवित्र तेलाची कुपी घेतली आणि मोटारसायकलवर निघालो. खानदेशातला मे म्हणजे काय, हे कोकणातल्या किंवा वसईच्या वाचकाला सांगून कळायचे नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, रस्त्यावर डांबर पातळ झालेले, आणि दुपारी बारानंतर चिटपाखरूही दृष्टीस पडत नाही. एरंडोल मागे पडले आणि पारोळ्याच्या अलीकडे मोटारसायकलची चेन तुटली.

गाडी ढकलीत अर्धा कोस चाललो असू. जवळचे पाणी संपले. एक लिंब दिसला, त्याच्या विरळ सावलीत बसलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. तीन-चार वाहने आली तशी निघून गेली. हात दाखवायचेही त्राण उरले नव्हते. त्यानंतर जो ट्रक आला तो आपण होऊन थांबला. वर केळीचे घड गच्च भरलेले, माल सुरतेकडे चाललेला. ड्रायव्हर खाली उतरला, आमचा झगा पाहून क्षणभर घुटमळला आणि मग अहिराणीत म्हणाला, "कथा जाई ऱ्हायनात, बाबा?"

त्याने बाजूला टांगलेली छागल सोडून आम्हांला पाणी पाजले. उरलेले आमच्या डोक्यावर ओतले. पुढच्या फाट्यावर पंक्चरवाल्याच्या ओळखीने मोटारसायकल ठेवून दिली. धुळ्याला पोहोचल्यावर गावाबाहेर उतरवून तो आपल्या वाटेने गेला असता, तरी आम्ही जन्मभर त्याचे उपकार मानले असते. त्याने तसे केले नाही. कोण आजारी, कशासाठी चाललात, हे त्याने वाटेत विचारून घेतले होते. त्याने तो अवजड ट्रक शहरात घातला, दोनदा रस्ता विचारला आणि गल्लीच्या तोंडाशी आम्हांला उतरवले. केळीचा व्यापार ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल, की मे महिन्याच्या उन्हात भरल्या मालाचा एक एक तास म्हणजे काय. पैसे काढले, तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. रुग्णाला शुद्ध होती. त्यांनी पापनिवेदन केले, तेलाभ्यंग घेतला, परमप्रसाद घेतला, आणि दिवे लागण्याच्या आधी ते गेले. ड्रायव्हरचे नाव विचारायचे राहूनच गेले होते.

हा प्रसंग आम्ही पुढे कितीतरी प्रवचनांत सांगितला. श्रोत्यांना तो आवडे. वृद्ध मंडळी डोळे पुशीत. मात्र आज मागे वळून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. सांगता सांगता त्या कथेतून ड्रायव्हर हळूहळू नाहीसा होत गेला. आरंभी आम्ही त्याची छागल, त्याची अहिराणी, मागे घेतलेले हात, सारे सांगत असू. पुढे पुढे एवढेच उरले, की "परमेश्वराने ट्रक पाठवला." जणू तो ट्रक आपोआप चालत आला होता.

२०१३ च्या जुलैमध्ये, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, दयाळू शोमरोन्याचा दाखला वाचला गेला. तो दर तीन वर्षांनी त्या रविवारी येतो. आम्ही अर्थातच ट्रकची कथा सांगितली. मिस्सा झाल्यावर वस्त्रे उतरवीत असता एक बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच रस्त्यावर, धुळ्याच्या अलीकडे, रात्री कामावरून परतताना वाहनाची धडक बसून गेला होता. त्याचा अंत्यविधी आम्हीच केला होता. पोलिसांच्या अंदाजाने तो तासभर तरी रस्त्याच्या कडेला पडून होता. बाई रागावलेल्या नव्हत्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, तुमच्यासाठी देवाने ट्रक पाठवला. माझ्या पोराच्या बाजूने त्या रात्री जे ट्रक गेले, ते कोणी पाठवले होते?"

"परमेश्वराची योजना आपणांस कळत नाही" हे उत्तर आमच्या जिभेवर आले होते. ते आम्ही गिळले. ते खोटे आहे असे नव्हे. पण ज्याला ट्रक मिळाला त्याने ज्याला मिळाला नाही त्याला ते ऐकवावे, हे आम्हांला लाजिरवाणे वाटले. शिवाय तासाभरापूर्वी वेदीवरून आम्हीच ती योजना आम्हांला कळली असल्याच्या थाटात बोललो होतो. आम्ही म्हणालो, "बाई, आम्हांला ठाऊक नाही." त्या मान हलवून निघून गेल्या.

हा प्रश्न त्या एका मातेचा नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी आमच्याच जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकाच्या परिसरात, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, भेदरलेले प्रवासी खाली उतरले, आणि शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान बारा जण सापडले. जे त्या रुळांवर गेले नाहीत ते वाचले. वाचलेल्यांपैकी कोणी घरी जाऊन गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले, तर त्याला चुकला असे कोण म्हणेल? परंतु तो जर म्हणू लागला, की देवाने मला निवडून या बाजूस उतरवले, तर दुसऱ्या बाजूस उतरलेल्यांविषयी तो नकळत काय बोलून जातो? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूनेच लोकांना विचारले आणि स्वतःच नाही असे उत्तर दिले. मेलेल्यांविषयी असा हिशेब मांडायला प्रभूने मनाई केली. वाचलेल्यांविषयी तो मांडायला मोकळीक आहे, असे आपण मानतो. कारण तेथे हिशेब आपल्या बाजूने निघतो.

मग ईश्वरी तरतूद हा शब्द टाकून द्यावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. आम्ही पुन्हा सेमिनरीतल्या वह्या आणि ग्रंथ काढून बसलो. संत थॉमस अक्विनास यांनी या विषयावर एक साधे उदाहरण दिले आहे. एक धनी दोन चाकरांना एकाच ठिकाणी पाठवतो, पण एकाविषयी दुसऱ्याला काही सांगत नाही. दोघांची गाठ पडते. त्यांच्या दृष्टीने तो योगायोग. धन्याच्या दृष्टीने ती योजना. एवढाच भाग आपण लक्षात ठेवतो आणि समाधान पावतो. पण त्याच प्रकरणात संत थॉमस थोडे पुढे जाऊन सांगतात, की परमेश्वर आपला कारभार इतरांच्या हातून चालवतो तो सामर्थ्य कमी पडते म्हणून नव्हे; आपल्या निर्मितीलाही खरेखुरे काही घडवून आणण्याचा मान मिळावा, ही त्याची उदारता असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही हीच शिकवण पुढे चालवली आहे. याचा अर्थ, चाकर एकमेकांना भेटावेत एवढी योजना धन्याची. भेटल्यावर त्यांनी एकमेकांशी कसे वागावे, हे त्या चाकरांच्या हाती दिलेले आहे. तो मान खरा असेल, तर नाकारण्याची मुभाही खरी असली पाहिजे.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट येथे आठवते. १९३२ साली ब्रिटिश सरकारने विनोबांना आणि साने गुरुजींना एकाच तुरुंगात ठेवले. त्यांना एकत्र आणावे असा सरकारचा हेतू असण्याचे कारण नव्हते. फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी सोबतच्या बंद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने केली. ऐकणारे अनेक होते. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि त्या लेखणीमुळे ती तुरुंगाच्या भिंतींबाहेर आली. भेट सरकारने घडवली म्हणा, दैवाने घडवली म्हणा. लेखणी मात्र गुरुजींनी स्वतः उचलली. त्यांनी ती उचलली नसती, तर काय हरवले हेही कोणाला कळले नसते. न घडलेल्या दयेचे असेच असते. तिची कोठे नोंद होत नाही.

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची आणि सारफथच्या विधवेची कथा आहे. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण तिच्यातील एक विलक्षण गोष्ट त्या मातेच्या प्रश्नानंतरच आमच्या नजरेस आली. दुष्काळात परमेश्वर एलीयाला सांगतो, की सारफथला जा, तेथे एका विधवेला मी तुझ्या पोषणाची आज्ञा केली आहे. एलीया जातो, ती वेशीपाशी काटक्या वेचताना भेटते, आणि तिच्या बोलण्यावरून तर असे दिसते, की तिला कसलीच आज्ञा पोहोचलेली नाही! मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले आहे, ते रांधून मायलेकरांनी खायचे आणि मरायचे, एवढेच तिला ठाऊक. ती परक्या मुलखातली, परक्या धर्माची. मग देवाची आज्ञा तिला पोहोचली तरी कशी? आम्हांला वाटते, ती पोहोचली एलीयाच्या तहानेच्या रूपाने. दारात उभ्या राहिलेल्या माणसाने पाणी मागितले, मग भाकर मागितली, तोच देवाचा निरोप होता. तिला तो कळला नाही, तरीही तिने तो पाळला. आमच्या ट्रक ड्रायव्हरलाही आपण कोणाचा निरोप पाळतो आहोत याची कल्पना नव्हती. छातीशी बांधलेल्या डबीत काय आहे, हे त्याला काय ठाऊक! त्याने एक तहानलेला माणूस पाहिला.

आता दाखल्याकडे येऊ. शोमरोन्याचा दाखला मूळ ग्रीकमध्ये वाचताना एक शब्द ठेच लागावी तसा पुढे येतो. त्याचा अर्थ 'योगायोगाने' असा. संपूर्ण नव्या करारात तो एवढ्या एका ठिकाणीच आढळतो. सहज विचार केला तर तो शब्द शोमरोन्यासाठी असावा असे वाटेल: योगायोगाने एक शोमरोनी त्या वाटेने आला. तसे नाही. योगायोगाने आला तो याजक, म्हणजे पहिला, जो बगल देऊन निघून गेला. प्रभूने हा शब्द आमच्या व्यवसायबंधूच्या पदरात का टाकला असावा, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तो योगायोग त्या याजकालाही लाभला होता. किंबहुना त्याला तो सर्वांआधी लाभला होता. जखमी माणसासाठी देवाने केलेली तरतूद त्या दिवशी तीनदा त्या वाटेवरून गेली, आणि तिच्यातील दोन माणसांनी स्वतःला ती होऊ दिले नाही.

तिघांविषयीही शुभवर्तमान एकच क्रियापद वापरते: त्याने पाहिले. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्याने पाहिले. आणि 'प्रॉव्हिडन्स' ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमध्ये काय आहे? आधीपासून पाहणे. अब्राहामाने ज्या डोंगरावर मुलाला नेले, त्याला त्याने जे नाव ठेवले त्यातही हिब्रू भाषेतले 'पाहणे' हेच क्रियापद आहे. आपल्या मराठीला तर हे कोणी शिकवायला नको. "म्हातारीला कोण पाहतो?" असे आपण विचारतो, तेव्हा तिच्यावर नजर कोणाची आहे असे विचारीत नसतो, तिला जेवू कोण घालतो, औषध कोण देतो, हे विचारीत असतो. 'घर पाहणे', 'गुरेढोरे पाहणे', 'देव पाहून घेईल' या साऱ्यांत पाहणे म्हणजेच सांभाळणे. आणि त्याच मराठीत जो केवळ पाहतो त्याच्यासाठी एक वेगळा, कडवट शब्द आहे: बघ्या. अपघाताच्या बातमीत बघ्यांची गर्दी असतेच.

त्या मातेला आम्ही जे उत्तर देऊ शकलो नाही, ते आज देण्याचा प्रयत्न करायचा तर असे देऊ: बाई, ते ट्रकही त्यानेच पाठवले होते. तुमच्या लेकरासाठीही तरतूद झाली होती, कदाचित वीसदा झाली होती. ती मोडली ती आमच्यासारख्या माणसांनी. देवाने स्टिअरिंग आपल्या हातात का घेतले नाही, असे तुम्ही पुढे विचाराल, आणि तेथे आम्ही पुन्हा गप्प होऊ. माणसाला दिलेला मान तो परत घेत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याची किंमत एका आईने का मोजावी, हे ठाऊक नाही.

आमच्यासारख्या माणसांनी, असे आम्ही वर लिहिले ते केवळ नम्रतेने लिहिलेले नाही. २००८ च्या पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमारास, आम्ही धुळ्याहून जीपने परतत होतो. पारोळा ओलांडल्यावर दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली एक सायकल दिसली आणि तिच्या पलीकडे गवतात काहीतरी हलल्यासारखे वाटले. जीप चालवणाऱ्या तरुणाने वेग कमी केला आणि आमच्याकडे पाहून नुसते "फादर?" एवढेच म्हटले. पहाटे मिस्सा होती. त्या पट्ट्यात रात्री वाहने अडवून लुटतात, अशा गोष्टी कानांवर होत्या. पोलिसांचे झेंगट मागे लागेल, हेही मनात आले. आम्ही म्हणालो, "चल." पुढे चार दिवस वर्तमानपत्रे बारकाईने पाहिली, कोठे काही आले नाही. हे पाप आम्ही निवेदन केले आहे आणि त्याची क्षमाही मिळाली आहे. ती सायकल अजून दिसते. प्रवचनात हा प्रसंग आम्ही कधी सांगितला नव्हता. ट्रकचा मात्र नेमाने सांगत होतो.

पोलिसांच्या झेंगटाची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यालाच बसवून ठेवायचे, साक्षीसाठी हेलपाटे घालायला लावायचे, असे अनुभव लोकांच्या गाठीशी होते. २०१५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले. सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात मदत करणाऱ्याला 'गुड समॅरिटन' असेच म्हटले आहे. शुभवर्तमानातील एका परक्याचे नाव असे भारताच्या कायद्यात येऊन बसले. २०२१ साली सरकारने अशांसाठी पाच हजार रुपयांचे बक्षीसही जाहीर केले. शोमरोन्याला उलट पदरचे दोन दीनार खर्चावे लागले होते. असो, बक्षिसाने का होईना, गाड्या थांबत असतील तर आमची तक्रार नाही.

त्या बाई मिस्सेला येतच राहिल्या. आम्हांला पुन्हा काही विचारले नाही. मग २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. मुलाच्या अंगावरच्या कपड्यांचे गाठोडे सरकारी दवाखान्यातून मिळाले होते, ते त्यांनी आठ वर्षे ट्रंकेत तसेच ठेवले होते. घर गळू लागले म्हणून ट्रंक हलवली, आणि त्यांनी ते सोडले. शर्ट होता, पँट होती. आणि एक पंचा होता, घडी घालून उशीसारखा केलेला, मधोमध रक्ताने कडक झालेला.

"हा आमच्या घरचा नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघेही तो पाहत बसलो. कोणीतरी थांबले होते. त्याला गाडी मिळाली नसेल, किंवा त्याने आणखी कोणाला आणायला धाव घेतली असेल, किंवा फार उशीर झाला असेल. मुलगा वाचला नाही. या पंचाने प्रवचनात सांगण्याजोगे काहीच साधले नव्हते. तरीही त्या अंधारात कोणीतरी वाकून त्याचे डोके उचलले होते आणि खाली मातीऐवजी आपला पंचा ठेवला होता.

"धुऊ का, फादर?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "तुम्हांला वाटेल तसे करा." त्यांनी तो पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला. मग त्यांनी कमरेच्या बटव्यातून पैसे काढले आणि त्या माणसासाठी मिस्सा अर्पण करायला सांगितले. आम्ही नोंदवही उघडली, तारीख घातली आणि सवयीने विचारले, "नाव काय लिहू?"

त्या जराशा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "जागा रिकामी ठेवा. देव भरील."

आम्ही तसे केले. त्या गेल्यावर नोंदवहीची मागची पाने चाळली. सोळा वर्षांत आम्ही त्या केळीच्या ट्रकवाल्यासाठी एकही मिस्सा अर्पण केली नव्हती. दुसऱ्या दिवशीची तारीख मोकळी होती. तेथे त्याच्यासाठी एक ओळ लिहिली, आणि त्याखालची, सायकलवाल्यासाठी. दोन्हींत नावाची जागा रिकामी आहे.